नखं रंगवणारे मामेसासरे

अख्ख्या कोल्हापुरात बायकांच्या नखांचा इतका गंभीर विचार करणारा दुसरा पुरुष सापडायचा नाही, हे मी माझ्या मामेसासऱ्यांबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. समोर कुणीही येवो, त्यांची नजर आधी बोटांच्या टोकांवर जाते, तोंडाकडे मग सावकाश. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बाकीच्यांनी माझी नोकरी विचारली. मामांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, "पावणं, नखं झकास हायत. पुरुषाच्या हाताला वाया गेली."

मूळचे ते मुरगूडचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि बेंदराच्या सणाला बैलांची शिंगं रंगवण्यात त्यांची उमर गेली. पुढं पाट्या छापून यायला लागल्या आणि मामा राजारामपुरीत मुलाच्या फ्लॅटवर येऊन नुसतेच बसून राहिले. एकदा सून मोबाइलवर बघून नखावर फूल काढायला धडपडत होती. मामांनी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला, चष्मा पुसला आणि तिच्या अंगठ्यावर एवढंसं जास्वंद काढलं. तेव्हापासून खालच्या शिकवणीच्या मुली, शेजारच्या डॉक्टरीणबाई, लग्न ठरलेल्या पोरी अशा सगळ्या त्यांच्या बाल्कनीत पाटावर बसायला लागल्या. ठिपके द्यायला मामा मामींची सेफ्टीपिन वापरायचे, त्यामुळे ती मामींना वेळेवर कधीच सापडायची नाही. मुलगा लाजायचा. लोक हसतात म्हणायचा. मामा मान वर न करता सांगायचे, "शिंग काय आन् नख काय, वस्तू एकच. बैल तरी हलतोय, पोरी गप बसत्यात." आणि ही फॅशन नवी आहे असं कुणी म्हटलं, तर त्यांची आजी मेंदीत बोटांची टोकं कशी बुडवून ठेवायची आणि नखं महिनोन्महिने कशी लाल राहायची, ते सगळं ऐकल्याशिवाय सुटका नसे.

मामी मात्र हात द्यायच्या नाहीत. "जल्म शेणात आन् पिठात गेला माजा. ह्यो नखरा मला नगं," म्हणून त्या उठून जायच्या.

मागच्या वर्षी मामींच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दुपारी मी तिथंच होतो. लसूण सोलता सोलता मामींनी हात पदराला पुसला आणि मामांपुढं धरला. "काजूचं बोंड जमंल काय तुमास्नी?" मामींचं माहेर चंदगडचं, काजूच्या बागांचं. मामांनी ब्रश घेतला. नऊ नखं त्यांनी लाल रंगवली आणि डाव्या करंगळीवर पिवळं-तांबूस बोंड काढलं, खाली लोंबणाऱ्या बियेसकट. बराच वेळ लागला. मामी त्याकडे बघत राहिल्या.

सकाळी दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या, "आजी, रंग काढायला लागंल. बोटाला चिमटा लावल्यावर ऑक्सिजन नीट दिसत न्हाई." मामांनी कापूस आणि रंग काढायचा रिमूव्हर मागून घेतला आणि एकेक नख स्वतः पुसलं. करंगळीपाशी त्यांचा हात थांबला. सिस्टरांनी वाकून ते बोंड पाहिलं. "एवढं ऱ्हाऊ दे. चिमटा दुसऱ्या हाताला लावू."

मामींना आत नेल्यावर मामा बाकावर माझ्या शेजारी बसले. बोटांना रिमूव्हरचा वास येत होता. म्हणाले, "जावईबापू, ‘रंगवू का’ एवढंच इचारायचो मी तिला. ‘काय काढू’ म्हणून कवा इचारलंच न्हाई."

ऑपरेशन नीट पार पडलं. मामी घरी आल्या, आणि पुढच्या काही आठवड्यांत नख वाढेल तसं ते बोंड टोकाकडे सरकत गेलं. मामी ते नख कापायचं टाळायच्या. शेवटी एके दिवशी भाकरी थापताना ते तुटलं. मामा जवळ जाऊन बसले, मामींची करंगळी हातात घेतली आणि हळूच विचारलं, "काय काढू?"

"आता नगं," मामी म्हणाल्या. "पीठ लागलंय हाताला."

पण हात त्यांनी बराच वेळ मागं घेतला नाही.