सीनूच्या वहीतला घंटेचा मेंढा

सीनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरुवैयारूजवळच्या माझ्या शेतात उभा होतो. कापणी झाली की खतासाठी आम्ही शेतात मेंढरं बसवतो. धनगर कळप आत घालत होता, पुढच्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा वाजत होती... आणि त्याच मेंढ्याची गोष्ट मी सीनूला वर्षभर सांगितली नव्हती.

सीनू म्हणजे श्रीनिवासराव, माझा जुना मित्र, तंजावुरात इंग्रजीचा मास्तर. मी तिसरीत शाळा सोडली. घरी मराठी बोलत सगळे, लिहीत कोणी नसे. ही अक्षरं म्हातारपणी त्यानेच मला गिरवायला लावली. त्याला एकच नाद, इंग्रजी शब्द कुठून जन्मले ते मराठीत वहीत उतरवायचं. गेल्या वर्षी त्याच्याकडे पुण्याचे पाहुणे आले. त्यांच्यापुढे तो म्हणाला, "हा आमचा किट्टू. शाळा तिसरी, ऐट कलेक्टरची!" सगळे हसले. मीही हसलो. आत मात्र लागलं. पाहुणे उठल्यावर तो वही घेऊन बसला. "डेय् किट्टू, बेलवेदर. बेल म्हणजे घंटा, वेदर म्हणजे खच्ची केलेला मेंढा. ज्याच्या मागनं सगळे जातात त्या माणसाला इंग्रजीत असं म्हणतात. पण घंटा खच्चीच्याच गळ्यात का रे? चांगला शिंगाळ दांडगा का नको?"

मला ठाऊक होतं. जन्म शेतात गेला माझा.

"मी तिसरीवाला. बुकांना विचार."

"बुकांत मिळेना, म्हणून तर तुझ्याकडे आलो."

त्यानंतर दोनदा तो बस बदलून शेतावर आला. बांधावर बसून कॉफी प्याला, "राग उतरला का?" म्हणाला. मी कालव्याच्या पाण्याबद्दल बोलत राहिलो. त्या वयात, त्या उन्हात तो येत होता तीच त्याची माफी होती. मला कळत नव्हतं असं नाही...

तेराव्याला वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. 'बेलवेदर'खाली अर्धं पान कोरं, कडेला बारीक अक्षरात 'किट्टूला विचारणे'.

परवा मी तिथे लिहिलं. दांडगा मेंढा माद्यांमागे धावतो, दुसऱ्याला टकरा देतो, कळपाला भलतीकडे नेतो. खच्चीला ती भानगड नाही. तो धनगराच्या पायापाशी चालतो, म्हणून घंटा त्याला.

तीन ओळींत झालं. खालचं पान अजून कोरंच आहे... सीनू असता तर त्याने लगेच पुढचं विचारलं असतं.