ओक-बुनने भरवलेला वर्ग

आमच्या गावातली कोळशाची खाण बंद पडली आणि त्यामागून शाळाही. वर्गातली बहुतेक मुलं सेऊलकडे पांगली. गावात उरलो आम्ही दोघी-तिघी. त्यातली एक ओक-बुन. बाजाराच्या तोंडाशी तिचं किमचीचं, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचं, आणि चटण्यांचं दुकान आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन पुसानला असते.

वर्गमित्रांचा मेळावा भरवायचं काम दरवेळी तिच्याच गळ्यात पडायचं. मागच्या खेपेला आमच्या वर्गातल्या जोंग-मानने मोठ्या हॉटेलात दालन घेतलं होतं. त्याचा सुट्या भागांचा कारखाना आहे. प्रत्येकाने माइकपाशी जाऊन नाव, हुद्दा, कंपनी सांगायची, मग टाळ्या. निम्म्या खुर्च्या रिकाम्याच होत्या.

"लोकांना वेळच नसतो गं," मी म्हटलं.

"वेळ नसतो की तोंड दाखवायची लाज वाटते?" ओक-बुन म्हणाली. "गी-ते फोनसुद्धा उचलत नाही. आपला मॉनिटर होता तो!"

मग दुकान बंद ठेवून, पिशवीत किमचीचा डबा घालून ती सेऊलला निघाली. सोबत मीही गेले. गी-तेच्या बहिणीने पत्ता दिला होता. उंच इमारतींच्या वसाहतीत, फाटकाजवळच्या चौकीत तो गणवेश घालून बसला होता. आम्हाला बघून टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"तुम्ही इथे कशाला आलात?"

"फोन उचलला असतास तर गाडीभाडं वाचलं असतं," ओक-बुन म्हणाली.

चौकीमागच्या बाकावर त्याने आम्हाला कॉफी दिली. हॉटेलचा विषय निघताच मान हलवली. "तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो. सध्या काय करतोस? बँकेत होतो तोवर उत्तर द्यायला मजा यायची. नंतर धंद्यात बुडालो. आता काय, माइकवर सांगू की फाटक उघडतो?"

ओक-बुन म्हणाली, "मी तर पासच झालेले नाही. बाबा खाणीत जखमी झाले तेव्हा शेवटच्या वर्षी शाळा सुटली. दरवेळी बोलावणी करताना वाटतं, कुणीतरी विचारेल, तू गं कोण?"

"असं कोण विचारेल?" गी-ते एकदम चिडून म्हणाला.

"तेच तुलाही लागू आहे की!"

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "यंदा हॉटेल नको. किमची घालायला बोलावू सगळ्यांना. हात तिखटात असले की माणूस फुशारक्या मारत नाही."

जोंग-मानला राग आला. "मी पैसे भरतो म्हणतोय आणि तू मला कोबी धुवायला बोलावतेस?"

"धुवायला नको येऊस. तुला जमणार नाही. नुसता वाहायला ये."

नोव्हेंबरातल्या रविवारी दुकानामागच्या अंगणात खारवून निथळलेल्या कोबीचे ढीग लागले. मुळ्याचा कीस, लसूण, तिखट, खारवलेला जवळा घालून मसाला कालवला. लोक येत गेले तसतशी ओक-बुन प्रत्येकाला एप्रन आणि रबरी हातमोजे देत गेली. कोट, पर्सा सगळं आतल्या खोलीत. बायका पुरुषांची चेष्टा करायला लागल्या. "अरे, पानापानात भर! तू काय गादीत कापूस कोंबतोयस?" जोंग-मानही फुगलेल्या तोंडाने आला आणि कोबीच्या टोपल्या वाहू लागला.

गी-ते आला तेव्हा दुपार झाली होती. कुणी काही न बोलता त्याला जागा करून दिली. थोडं काम झालं आणि सवयीने कुणीतरी विचारलंच, "काय रे, सध्या काय करतोस?"

माझे हात थबकले. ओक-बुनने मान वर केली.

"रखवालदार आहे. सेऊलला, एका वसाहतीत," गी-ते पान उलगडत म्हणाला. "बहुतेक रात्रपाळीच."

जोंग-मानने टोपली खाली ठेवली. "मग दिवसा झोप लागते का रे? मला तर रात्रीही लागत नाही. कारखाना विकायला काढलाय."

हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोलाही अजून सांगितलं नाही, म्हणाला. गी-तेने एक कोवळं पान मसाल्यात बुडवलं, जेवणासाठी उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा त्यात गुंडाळला आणि जोंग-मानला भरवला. "आधी हे खा. मग बोलू."

तिखटाने जोंग-मानच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटानेच, असं निदान तो म्हणाला.

संध्याकाळी सगळे आपापले डबे घेऊन निघाले. गी-तेची गाडी चुकली. त्याने चुकवली असणार, असं मला वाटतं. तो गावातच, जोंग-मानच्या जुन्या घरी त्याच्यासोबत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले, तर दोघे अंगणात उकिडवे बसून टोपल्या घासत होते आणि ओक-बुन पाण्याची नळी हातात धरून दोघांनाही शिव्या घालत होती.