मावशींचा पाय आणि निलगिरीचं तेल

ऐंशीच्या दशकात बोईसरच्या एका छोट्या औषध कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. मी सांगलीहून नवीनच आले होते. सहा महिन्यांनी कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेबांच्या हातात होतं. त्यांना मलमात निलगिरीचं तेल घालायचं होतं, आणि त्याने जंतू मरतात का, ते मी बघायचं होतं.

बघितलं आणि डोक्याचा पार भुगा झाला. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि मधोमध तेलात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची. एका जातीच्या जंतूंनी टिकलीभोवती चांगली बोटभर जागा सोडली. दुसऱ्या जातीचे तिला खेटून वाढले. मलमात पडणाऱ्या शेंगदाणा तेलाच्या दोन बाटल्यांत निलगिरीचे चार-चार थेंब टाकले, तर एक महिनाभर टिकली आणि शेजारची आठवड्यातच खवट झाली. आता यातलं खरं कुठलं मानायचं?

अशात प्रयोगशाळा झाडणाऱ्या मावशी लंगडत आल्या. त्या जवळच्याच दांडी या किनाऱ्यावरच्या गावच्या. खडकावरची कालवं काढताना तळपाय कापला होता. माझ्या अंगात उत्साह संचारला. निलगिरीचं तेल पातळ करून मी त्यांना बाटली भरून दिली आणि रोज विचारू लागले, "मावशी, लावलंत का?"

"लावलं ना ताई. बरं हाय आता."

दहा दिवसांत त्या नीट चालू लागल्या. मी हरखून ते वहीत लिहिलं, साहेबांना दाखवलं. महिनाअखेरीस कायम झाल्याचं पत्र हातात पडलं.

पेढे घेऊन दांडीला मावशींच्या घरी गेले, तर फळीवर तीच बाटली. गळ्यापर्यंत भरलेली.

"मावशी, हे काय?"

त्या ओशाळल्या. "वासानंच डोल्यांत पानी आलं, जखमेवर कसं लावू? मिठाच्या पान्यानं धुतला पाय. पन तुमी रोज एवढ्या आशेनं इचारायच्या. नाय कसं बोलू?"

मला रागही येईना, हसूही येईना. भीती मात्र वाटली. वहीतलं ते पान खोटं होतं आणि माझी नोकरी त्याच्यावर उभी होती.

सोमवारी साहेबांनी स्वतःच वही मागवली. पान पुन्हा वाचलं, चष्मा काढला आणि लहान मुलासारखं आशेनं माझ्याकडे बघत म्हणाले, "आपल्या तेलानंच बरा झाला ना हो पाय?"

"हो सर," मी म्हणाले.