फिल्टर नेणारं गिऱ्हाईक

डोणगावात माह्यं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. डिझेल-पेट्रोलचा फिल्टर घरीच बदलणारं गिऱ्हाईक दोनदा येते. सकाळी फिल्टर न्यायले अन् दुपारी "गाडी काऊन सुरू नाही होऊन राह्यली?" विचारायले. मी नुसता गल्ल्यावर बसतो, किस्से आपोआप जमा होतात.

*

आमचे गुरुजी. त्याईच्या पेट्रोल गाडीच्या फिल्टरवर बाण असते, तो इंजिनाकडे पाहिजे. गुरुजींनं टाकीकडे केला!

"काऊन गुरुजी?"

"अरे, पेट्रोल कुठं आहे ते दाखवून राह्यला ना तो!"

गुरुजी शाळेत भूगोल शिकवत.

*

मुनीरभाई कापडवाले. फिल्टर खोलताना डिझेल सांडू नये म्हणून घरातला चहा उकळाचा गंज खाली धरला. भाभीनं पाह्यलं.

"अब चाय भी इसी में पियो!"

त्या दिवशी मुनीरभाईचे तिन्ही चहा माह्या दुकानात झाले.

*

शालिग्रामभाऊ. बीटी कपाशी लावली तं फवारा लागत नाही, असं त्याईले कोणीतरी सांगतलं होतं. फवारून फवारून कंटाळले, मंग जुनी जीप घेतली अन् मेहकरच्या सवाऱ्या नेऊ लागले. एकदा फिल्टरले फवारणी पंपाचा वायसर लावला. डिझेलनं तो फुगला, जीप बंद.

"कपाशीत चालला, जीपीत काऊन नाही चालत?"

मुनीरभाई म्हणाले, "कपाशीत तरी कुठं चाललं, भाऊ!"

सगळ्यात आधी भाऊच हासले. मले मात्र वाईट वाटलं.

*

शालिग्रामभाऊची पोरगी रेखा. बुलढाण्याले अकरा वाजता नर्सिंगची मुलाखत. चुकली तं वर्ष गेलं. अन् भाऊनं त्याच सकाळी नवा फिल्टर टाकला! जीप सुरू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, यष्टी निघून गेली. भाऊ पळत दुकानात आले, मी अन् मुनीरभाई त्याईच्या घरी धावलो.

रेखा नव्या साडीचा पदर खोचून आली. बॉनेट उघडलं, फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, त्याच्यावरचा छोटा हातपंप दाबत राह्यली. बुडबुडे थांबले तसा स्क्रू कसला.

"आता ढकला, काका!"

आम्ही ढकललं. जीप भुर्रकन सुरू!

"कुठं शिकली वं?" मी विचारलं.

"बाबा दर वेळी हवा काढाचं इसरतात. ते जेवायले बसले की मीच काढून ठेवतो."

भाऊ स्टिअरिंग धरून बसून राह्यले. रेखा बाजूले येऊन बसली, हात पुसले, फाईल मांडीवर घेतली.

"चला ना बाबा."

"रेखे," भाऊ म्हणाले, "तुहा नंबर लागला, तं फिल्टरची हवा कोण काढीन?"