कामरगावची दौड आणि फॉर्मवरचा शेवटचा रकाना

कामरगावला पळायला जायचं का ठरवलं, त्याचं खरं कारण आधीच सांगून टाकते. नाशिकमधल्या कुठल्याही शर्यतीत गेलं की छातीवर नंबराचा बिब लावता लावता कोणीतरी विचारतंच, "सुनंदा कुठाय?" सहा वर्षं आम्ही दोघी एकत्र पळालो. पहाटे साडेपाचला ती माझ्या फाटकाशी उभी असायची आणि मला दोन मिनिटं जरी उशीर झाला तरी आख्खी कॉलनी जागी होईल अशा आवाजात हाक मारायची. गेलं दीड वर्ष ती माझ्याशी बोलत नाही. हे दर रविवारी नव्या माणसाला सांगत बसण्यापेक्षा, आम्हा दोघींना कोणीच ओळखत नाही अशा गावी जाऊन पळावं, असा मार्ग मी काढला. अशा तीन शर्यती झाल्या होत्या. ही चौथी.

जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती. 'भव्य खुली मॅरेथॉन, अंतर दहा किलोमीटर.' मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर हा शहरातल्या लोकांचा हट्ट; गावात रस्त्यावर पळण्याच्या कुठल्याही शर्यतीला मॅरेथॉनच म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही. महिलांना पहिलं बक्षीस सायकल, दुसरं मिक्सर, तिसरं भिंतीवरचं घड्याळ. प्रवेश फी दोनशे रुपये. वयोगट नाहीत. म्हणजे एक्कावन्न वर्षांच्या मला बक्षिसाची अजिबात भीती नव्हती.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: नाशिकरोडहून सकाळची गाडी पकडून मूर्तिजापूरला उतरायचं. तिथून कारंज्याला एसटी मिळते, तासाभराचा रस्ता. कारंज्याहून कामरगावला बस आहे आणि काळीपिवळी जीपही आहे, पण जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा हातात वेळ ठेवा. मुक्काम कारंज्यातच करा. मी एका जैन धर्मशाळेत राहिले. चारशे रुपयांत स्वच्छ खोली आणि बादलीभर गरम पाणी. जेवण मात्र सूर्यास्ताच्या आत, हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

एसटीत शेजारी एक आजीबाई होत्या. मांडीवर हरभऱ्याच्या ओल्या घाट्यांची पिशवी. त्यांनी मूठभर घाटे माझ्या हातात कोंबले आणि चौकशी सुरू केली.

"कुठी चालली व माय?"

"कामरगावला."

"कोनाकडं?"

"कोणाकडे नाही. पळायला."

"पळाले? काहून, कोन लागलं मांगं?"

मी हसले. शर्यत आहे म्हणून सांगितलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "अन् संग कोनी नाही?" नाही म्हटल्यावर त्यांनी आणखी मूठभर घाटे दिले. या दोन दिवसांत हा प्रश्न मला सात-आठ जणांनी विचारला असेल. नाशिकला 'सुनंदा कुठाय' आणि इथे 'संग कोनी नाही'. एवढा प्रवास करून मी प्रश्न फक्त बदलून घेतला होता.

बिब घ्यायला शनिवारी संध्याकाळी कामरगावात कांतिलाल शेठजींच्या किराणा दुकानात जायचं होतं. दुकान बाजाराच्या रस्त्यावर, बाहेर सरकीच्या ढेपेची पोती, आत तेलाचे डबे, आणि गल्ल्याशेजारी बिबांचा गठ्ठा. शेठजी साठीचे, चष्मा कपाळावर. समोर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींची रांग. फॉर्मवर नाव, वय, गाव, आणि शेवटचा रकाना: 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे'. शेठजी प्रत्येकाने दिलेला नंबर तिथल्या तिथे फिरवून पाहत होते. मागच्या वर्षी अकोल्याचा एक माणूस चक्कर येऊन पडला, त्याने दिलेला नंबर लागलाच नाही, आणि शेठजी संध्याकाळपर्यंत दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहिले. तेव्हापासून हा नियम.

मी तर तिथे 'सुमन, बहीण' असं लिहिलं होतं. मला बहीण नाही. नंबर माझ्याच दुसऱ्या सिमचा होता.

याला मागची गोष्ट आहे. सहा वर्षं त्या रकान्यात मी सुनंदाचा नंबर लिहायचे आणि ती माझा. दोघी एकाच वेळी पळत असताना फोन उचलणार कोण, हा विचार दोन शिकल्यासवरल्या बायकांच्या डोक्यात कधी आला नाही. त्यातली एक तर शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे मीच. सुनंदाने बोलणं सोडल्यावर रकाना रिकामा राहायला लागला, रिकामा फॉर्म कोणी घेत नाही, म्हणून मी सुमन जन्माला घातली.

शेठजींनी नंबर फिरवला. माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये रिंग वाजायला लागली.

"मॅडम, हा तं तुमच्याच कमरेले वाजून राह्यला."

रांगेतली पोरं हसली. मी कानापर्यंत लाल झाले. भावाचा नंबर दिला. तो हैदराबादला असतो. मी पळते हे त्याला माहीत आहे की नाही याचीही मला खात्री नाही. रिंग वाजत राहिली, त्याने उचलला नाही.

"दुसरा सांगा. घरी कोन राह्यते?"

"मी एकटीच असते."

शेठजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आवाज खाली आणला. "असं कसं बाई. कोनी तं असन. काही झालं तं मी कोनाले सांगू?"

मला पाठ असलेला एकच नंबर होता. तो मी सांगितला, आणि सांगता सांगताच वाटलं की हे करायला नको होतं. शेठजी सगळ्यांचे फोन स्पीकरवर लावत होते. तिसऱ्या रिंगला तिने उचलला.

"हॅलो, मी कामरगावहून बोलून राह्यलो, जिल्हा वाशिम. नाशिकच्या वैशाली मॅडमले ओळखता का तुमी?"

 मला तिच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट ऐकू येत होता.

"हो."

"त्या उद्या इथं दहा किलोमीटर पळणार हायेत. काही कमीजास्त झालं तं तुमाले फोन करू का?"

"करा."

"नातं काय लिहू?"

"आधी सोबत पळायचो," सुनंदा म्हणाली. मग लगेच, "शर्यत किती वाजता?"

"सातले."

"मी फोन जवळ ठेवते." आणि फोन बंद. मी तिथे उभी आहे का, हे तिने विचारलं नाही. शेठजींनी रकान्यात 'मैत्रीण' लिहिलं आणि मला ११४ नंबरचा बिब दिला. परत कारंज्याला पोचेपर्यंत सूर्य मावळून गेला होता, धर्मशाळेचं स्वयंपाकघर बंद. बसस्टँडवर आलूपोंगे, म्हणजे बटाट्याची भाजी भरलेले तळलेले पोंगे, आणि चहा घेतला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तेलकट खाऊ नये असं मीच माझ्या ब्लॉगवर चार वेळा लिहिलंय.

रविवारी सकाळी भरतीच्या पोरांनी भरलेल्या जीपमध्ये अर्धी मांडी टेकवून कामरगावला गेले. थंडी अशी की बोटांनी सेफ्टीपिन लागेना. शेजारच्या पोरीने लावून दिली. अठरा-एकोणीसची, पायात कॅनव्हासचे साधे बूट.

"काकू, तुमीबी भरती मारून राह्यल्या का?"

"नाही गं. हौस म्हणून पळते."

"हौस?" ती म्हणाली, आणि तिने मैत्रिणीकडे पाहिलं.

सात वाजून वीस मिनिटांनी शिट्टी झाली. पहिल्याच किलोमीटरला सगळे पुढे गेले. दुसऱ्या किलोमीटरला त्यांची धूळही खाली बसली. गावाबाहेरचा डांबरी रस्ता, मधूनमधून खड्डे, दोन्ही बाजूंना हरभरा आणि सोंगणीला आलेली तूर. बायका तूर सोंगत होत्या. विळे थांबवून त्यांनी पाहिलं, एक काहीतरी बोलली, सगळ्या हसल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. एक स्वयंसेवक मोटरसायकलवर माझ्या मागेमागे येत होता. मी शेवटची, त्यामुळे त्याची सुटका माझ्यावर अवलंबून. "बाई, बसता का मांगं? कोनी पाहून नाही राह्यलं," त्याने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा नाही म्हटल्यावर तो चहा प्यायला निघून गेला. मग माझ्या बुटांचा आवाज तेवढा उरला.

पाच किलोमीटरवर वळण. बाभळीखाली बाजेवर एक गृहस्थ घोंगडी पांघरून बसलेले. वळून गेलेल्याच्या मनगटात लाल रबर घालायचं हे त्यांचं काम. "तुमच्यासाठीच थांबून राह्यलो," ते म्हणाले. माझ्या मनगटात रबर घातलं, उठले, आणि बाज डोक्यावर घेऊन शेताकडे चालायला लागले.

परतीचे पाच किलोमीटर मी जन्मात विसरणार नाही, आणि त्याला रस्ता कारण नाही. नाशिकमध्ये एका घरात सुनंदा फोन जवळ ठेवून बसली होती, माझ्यासाठी, एका अनोळखी दुकानदाराला शब्द दिला म्हणून. दीड वर्षापूर्वी एका हाफ मॅरेथॉनमध्ये सोळाव्या किलोमीटरला तिच्या पोटरीत गोळा आला. ती रस्त्याकडेला बसली. "तू हो पुढे," ती म्हणाली. मी झाले. कारण पंचेचाळीसच्या वरच्या गटात मला तिसरा नंबर दिसत होता, आणि आयुष्यात कधी कशात नंबर आला नव्हता. तिचा पाय सुटेना, स्वयंसेवकांनी तिच्या फॉर्मवरच्या नंबरावर फोन केला. तो माझा. फोन सामान ठेवायच्या खोलीत, माझ्या पिशवीत. लोकांना एवढंच माहीत आहे.

लोकांना माहीत नसलेलं इथे लिहिते. शर्यत संपल्यावर मी पिशवी घेतली, फोन पाहिला. अकरा मिस्ड कॉल. काय झालं असणार ते मला कळलं होतं. तेवढ्यात माइकवर माझ्या गटाचं नाव पुकारलं, आणि मी फोन न लावता व्यासपीठाकडे गेले. बक्षीस, फोटो, पाहुण्यांचं भाषण, पाऊण तास. तोवर सुनंदा रिक्षा करून एकटी दवाखान्यात गेली होती. तिचा स्नायू फाटला होता. "फोन पिशवीत होता गं, मी पाहिलाच नाही," असं मी तिला संध्याकाळी सांगितलं. ती "बरं" म्हणाली, आणि त्यानंतर कधी बोलली नाही. मी दीड वर्ष स्वतःची समजूत घातली की तिला मागे सोडलं म्हणून ती रागावली आहे. सात ते दहा किलोमीटर मी रडत पळाले. कोणी पाहून नाही राह्यलं, हे त्या मोटरसायकलवाल्याने बरोबर सांगितलं होतं.

मैदानावर पोचले तेव्हा शेवटची दोरी सोडून टाकलेली, बक्षीस समारंभ सुरू. कॅनव्हासच्या बुटांवाल्या पोरीला मिक्सर मिळाला होता. टाळ्या चालू होत्या, त्यातून वाट काढत मी शेठजींच्या टेबलापाशी गेले. त्यांनी ११४ वर खूण केली.

"तुमच्या मैत्रिणीचा फोन आला होता साडेआठले. म्हटलं, अजून यायच्या हायेत. आल्या की कळवा म्हने." त्यांनी तिथेच नंबर लावला. "आल्या बरं का. धडधाकट हायेत." मी हात पुढे केला. "ठेवला त्यायनं," शेठजी म्हणाले आणि माझ्या हातात पोह्यांची प्लेट दिली. तर्री घालून. भूक नव्हती, तरी सगळे खाल्ले.

रविवारची दुपार कारंज्यात काढली. धर्मशाळेत पाच वाजता वरण, भात, पोळी आणि कोबीची भाजी जेवले; इतकं साधं आणि चवीचं जेवण बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. वाढणाऱ्या बाईंनीही विचारलंच, "एकट्याच का?" हो म्हटलं. त्या पोळीवर जास्तीचं तूप घालून गेल्या.

सोमवारी सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळी घरी पोचले. ट्रिपचा एकूण खर्च दोन हजारांच्या आत. रस्ता सपाट, हवा उत्तम, माणसं प्रेमळ. नवीन पळणाऱ्यांनी जरूर जावं. माझ्यापाशी काय उरलं म्हणाल तर एक प्रमाणपत्र, मनगटात लाल रबर, आणि ते तीन किलोमीटर. कुलूप काढत होते तेवढ्यात शेठजींचा फोन.

"पोचल्या का मॅडम? त्या नाशिकच्या बाईचा फोन आला होता पुन्हा. घरी पोचल्या का विचारून राह्यल्या. मी म्हटलं, एकाच गावात राह्यता, तुमीच विचारा ना. त्या म्हने नको, तुमीच विचारून सांगा."

तिचं घर माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे.

"काय सांगू त्याइले?"

"मी सांगते," म्हटलं. पिशवी दारातच ठेवली आणि नंबर लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"पोचलीस?"

"पोचले. सुनंदा, त्या दिवशी मी ते मिस्ड कॉल पाहिले होते. बक्षीस घ्यायच्या आधी."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "बक्षिसाच्या फोटोत एका हातात ट्रॉफी आहे, दुसऱ्यात फोन. तूच पाठवला होतास ना तो." आवाजात राग नव्हता, थकल्यासारखी बोलली. "मी वाट बघत होते, तू कधी सांगतेस. एवढं सांगायला कामरगावपर्यंत जावं लागलं होय गं तुला?"

हो म्हणायला मला थोडा वेळ लागला. तोवर तिने फोन ठेवला होता.