चौऱ्याहत्तर सेंटिमीटर

"तू हात लावू नकोस. पारा महाग असतो. नुसतं लिही."

सर एवढंच म्हणाले. वर्गात कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

तुमसरला मी बारावी सायन्सला होते. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती. टेबलावर बॉइलच्या नियमाचं उपकरण. काचेच्या दोन नळ्या, खालून रबरी नळीनं जोडलेल्या, आत पारा. एका नळीत हवा कोंडलेली. तिच्यावर दाब वाढवायचा, आकारमान किती घटलं ते बघायचं. दोन्हींचा गुणाकार दर वेळी सारखाच यायला हवा.

आम्ही चौघं. नळी वरखाली करायचा राइस मिलवाल्याचा मुलगा. मी हातभर लांब. वर्षभर असंच. बौद्ध मोहल्ल्यातली, बिड्या वळणाऱ्या बाईची पोर. अक्षर चांगलं, म्हणून चौघांच्या वह्या मीच लिहायची.

त्या दिवशी गुणाकार आले शून्य, एकशे शहात्तर, तीनशे चौदा. सरांनी वही फरशीवर फेकली.

"सवलतीवर येता. हवा मोजता येत नाही?"

"हिची सावली पडली जी सर. पारा बाटला," मिलवाल्याचा मुलगा बोलला.

वर्ग हसला. सरही हसले.

मी वही उचलली. दोन्ही नळ्यांतला पारा एका उंचीवर, म्हणून मिलवाल्याच्या मुलानं दाब शून्य सांगितला होता. मी मुकाट लिहिला होता. शून्य दाबाची हवा! भिंतीवर बॅरोमीटर टांगलेला. चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. बाहेरच्या हवेचा दाब कोणी मिळवलाच नव्हता. मी मिळवला, गुणाकार पुन्हा केले. चौदाशे ऐंशी. चौदाशे अठ्ठ्याहत्तर. चौदाशे शहात्तर.

सरांना दाखवलं. त्यांनी गुणाकार तपासले. मग माझे आकडे तिघांना उतरवायला लावले आणि तिघांच्या वह्यांवर सह्या केल्या. माझी वही परत सरकवली.

"तू प्रयोग स्वतः केला नाहीस. सही नाही."

सही नाही तर प्रॅक्टिकल नाही. म्हणजे वर्ष गेलं.

मी पुढे झाले. नळी दोन्ही हातांनी धरली.

"खाली ठेव!"

"नाही ठेवत जी. स्वतः केला नाही म्हनता ना? आता करून राहिली."

"काहून अडून बसली वो?" मिलवाल्याचा मुलगा कुजबुजला. "माफी माग, सर करतील सही."

"कायची माफी?"

पारा चढवला. हवा आखडली. पाच वेळा मोजलं. सर दारातून ओरडत होते. पाऱ्याचा थेंबही सांडला नाही.

सही मिळाली नाही. परीक्षा हुकली.

दाबाखाली आखडणं हा हवेचा नियम आहे. तो माझ्यावर लादू नका. दुसऱ्या वर्षी मी पुन्हा त्याच वर्गात नाव घातलं. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं: ज्या टेबलावर माझ्या हाताला बंदी, तिथलं एक अक्षरही मी कोणाला लिहून देणार नाही. आजही देत नाही.