माझ्या नावावरचं अनुमोदन

मंडळी, सभेवरून आल्या आल्या लिहितेय. चुका पोटात घाला.

आज गावात ग्रामसभा होती. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचताना ग्रामसेवक म्हणाले, "अभ्यासिका संध्याकाळी सहाला बंद करण्याचा ठराव मंजूर. अनुमोदक..." आणि पुढं चक्क माझं नाव!

त्या अभ्यासिकेत मी रोज आठपर्यंत बसायचे. मागच्या सभेत तर मी तोंडही उघडलं नव्हतं. चौथीपर्यंत घरीच आईकडं शिकले, त्यामुळं चारचौघांत उभं राहून बोलायची सवयच नाही. पण माझ्या नावावर खोटं कसं राहू देऊ?

शेजारच्या हौसाकाकी कुजबुजल्या, "ऊठ की गं, बसून कोन ऐकतंय?"

उठले. म्हटलं, "मी अनुमोदन दिलं नव्हतं."

सरपंच आप्पा हसले. "आगं पोरी, तवा तू न्हाई कुठं म्हनालीस?"

"आप्पा, पण मी हो तरी कुठं म्हटलं?"

सभा हसली, पण माझ्या बाजूनं. अनुमोदकच नाही म्हणून जुना ठराव रद्द झाला. नवा ठराव मी मांडला: अभ्यासिका पुन्हा आठपर्यंत उघडी राहणार.

नव्या ठरावाला सूचक म्हणून माझं नाव लिहिण्याआधी ग्रामसेवकांनी विचारलं, "लिहू ना?"

"लिहा," मी म्हणाले. शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं म्हणे.

तुमच्या गप्प बसण्याला कुणी होकार समजलंय का? मग तुम्ही काय केलंत?